जुन्या घरातील छापील तसबिरी: कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या निकषावर?

कृष्णाकाठ

वाई येथील आमच्या आजोळच्या घराची दुरुस्ती चालू आहे. भिंतींवरून उतरवलेल्या तसबिरींपैकी कोणत्या पुन्हा लावाव्यात याबाबत घरात एकमत होत नसल्यामुळे जाणकारांचे मत घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

माजघरात लक्ष्मीचे एक मोठे चित्र होते. ती कमळावर उभी आहे, तिला चार हात आहेत, शेजारी हत्ती आहे, आणि तिच्या साडीच्या काठांवर व दागिन्यांवर घरातल्या कोणा बाईने जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. तिच्याजवळच रामपंचायतनाचे एक बरेच फिकट झालेले चित्र होते. ओटीवर दिनदर्शिकेवरून कापून काचेत बसवलेली राधाकृष्ण आणि शंकरपार्वती यांची चित्रे असून त्यांपैकी एकावर ‘मुळगावकर’ अशी सही वाचता येते. माडीवरच्या खोलीत धबधबा, सूचिपर्णी झाडे आणि परदेशी धाटणीचे लाकडी घर असलेली एक सीनरी आहे, तसेच धावणाऱ्या सात पांढऱ्या घोड्यांचे एक अगदी अलीकडचे चित्र आहे.

घराची अंतर्गत सजावट ज्यांच्याकडे सोपवली आहे, त्यांचे म्हणणे असे की लक्ष्मी तेवढी नव्या चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावावी, कारण आता अशा जुन्या चित्रांना मान आहे, आणि बाकी सर्व काढून टाकावे. माझ्या मामेभावालाही हे पटते. मला मात्र या निवाड्याचा आधार समजत नाही. लक्ष्मी काय आणि धबधबा काय, दोन्ही यंत्रावर हजारोंच्या संख्येने निघालेली चित्रे आहेत, दोन्ही घरात स्वस्तात आली, आणि दोन्ही घरच्यांनी तितक्याच आवडीने लावली. एक वारसा आणि दुसरा कचरा, असे ठरवताना वयापलीकडे काही निकष आहे का? शिवाय लक्ष्मीचे चित्र अस्सल आहे की नंतरची नक्कल, हे घरच्या घरी कसे ओळखावे, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

शिळाछाप

आपण वर्णन केलेली लक्ष्मी बहुधा राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून छापलेल्या तैलरंगी शिळाछापांपैकी असावी, म्हणून आधी तिची कुळकथा सांगतो. तिच्यातच आपल्या मुख्य प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

बडोद्याच्या सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली, आणि ती बडोद्याला कायमची जाण्यापूर्वी मुंबईत लोकांसाठी मांडली गेली. देवादिकांची चित्रे पाहायला लोटणारी ही गर्दी राजवाड्यात चित्र लावू शकणारी नव्हती. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही सूचना दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना त्याआधीच केली होती. अखेर १८९४ साली गिरगावात रविवर्म्यांचा छापखाना उभा राहिला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. पुढे मुंबईत प्लेग फैलावल्यावर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला. व्यवहाराच्या दृष्टीने तो रविवर्मा बंधूंना झेपला नाही आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकला. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, परंतु छापखाना त्यांच्या नावाने पुढे अनेक दशके चालला आणि १९७२ च्या आगीत संपला. आज बाजारात ‘रविवर्मा’ म्हणून जे काही दाखवले जाते त्यातील बराच भाग त्यांच्या हातच्या मूळ चित्रांवरून नसून इतर चित्रकारांनी या छापखान्यासाठी केलेला आहे, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

त्या छपाईला ‘यंत्रावर निघालेली’ म्हणताना थोडे थांबावे, अशी विनंती आहे. रंगीत शिळाछापात चित्रातील प्रत्येक रंगछटेसाठी बव्हेरियातील चुनखडीचा वेगळा दगड लागत असे. त्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने बारीक ठिपक्यांनी चित्राचा तेवढाच भाग काढायचा. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी राहते, तेलकट शाई फक्त खुणांवर धरते. एकाच कागदावर असे एकामागून एक दगड उठवायचे, आणि एक जरी केसभर सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर जायचा. शेवटी रोगण चढवून, कधी कापडासारखी खरखरीत वीण दाबून, तैलचित्राचा आभास आणला जाई. मूळ चित्राचे असे डझनभर रंगांत विघटन करणारा कारागीर हाही एक चित्रकारच होता. त्याचे नाव कागदावर कुठेच येत नाही, एवढाच फरक.

आणि रविवर्मा या धंद्यातले पहिले नव्हेत. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ सालीच चित्रशाळा छापखाना काढला होता. देवदेवतांबरोबर नाना फडणविसांसारख्या मराठेशाहीतील पुरुषांची चित्रे घराघरांत पोचवण्यामागे त्यांचा स्वदेशाभिमानाचा स्पष्ट हेतू होता. चित्रशाळेचे रामपंचायतन फार खपले. आपल्याकडचे फिकट चित्र कदाचित तेच असेल, म्हणून ते टाकण्यापूर्वी खालची पट्टी वाचावी. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले आणि मग स्वतःचा छपाईचा व्यवसाय काढला. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे छापील देवांचा हा अनुभव होता, असे मी मानतो.

आता निकषाविषयी. आज ज्या लक्ष्मीला दर्शनी भिंत मिळते आहे तिच्या वाट्याला त्या काळी विद्वानांकडून तुच्छताच आली. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या जाणकारांना रविवर्म्यांचे देव नाटकी आणि भारतीय कल्पनाशक्तीला पारखे वाटत. मूळ चित्रांविषयीच असे मत असेल तर त्यांच्या छापील प्रतींना कोण विचारतो? तेव्हा आपल्या सजावटकारांचा निकष वयाचाच आहे, ही आपली शंका मला रास्त वाटते.

स्पष्टवक्ता

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु कुमारस्वामींचा आक्षेप केवळ तुच्छतेचा म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. कारागिरी अवघड होती, हे मान्य. अवघड कारागिरीतून निघालेली वस्तू घातक असू शकत नाही, असे त्यावरून ठरत नाही.

या तसबिरी येण्यापूर्वी मराठी घरांतील देवघरात टाक असत, गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, असे. त्याला नाक-डोळे नसत आणि त्यांची गरजही कोणाला भासत नसे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी आपल्या पोथ्यांतील चित्रे दाखवीत रामायण सांगत, आणि त्यातील राम हा टोकदार नाकाचा, मोठ्या डोळ्यांचा, त्यांच्या परंपरेतला राम होता. छापील तसबिरीने या सगळ्यांच्या जागी एकच गोरा, गुबगुबीत, नाटकाच्या पडद्यासमोर उभा असलेला चेहरा आणला. आज लहान मुलाला लक्ष्मी काढायला सांगा. ते हीच साडी आणि हाच मुकुट काढील. एका छापखान्याने एका संपूर्ण समाजाची दैवी कल्पना इतकी बांधून टाकावी, यात मला अभिमानासारखे काही दिसत नाही.

धबधब्याविषयी तर बोलायलाच नको. कृष्णेच्या घाटावर राहणाऱ्या कुटुंबाने स्वित्झर्लंडमधील कुठलातरी ओढा भिंतीवर लावावा, ही मला सौंदर्यदृष्टीची दिवाळखोरी वाटते. लक्ष्मी इतिहासाचा पुरावा म्हणून ठेवा, बाकीच्यांना निरोप द्या.

चौकटकार

आमच्या घराण्याचे कोल्हापुरात चौकटी बनवण्याचे दुकान आहे आणि माझी उमेदीची वर्षे काचा कापण्यात गेली आहेत, त्यामुळे स्पष्टवक्ता यांच्या शेवटच्या परिच्छेदावर लिहिणे मला भाग आहे. भिंतीवर जे दिसते ते त्या घराच्या आवडीने निवडलेले असते, असे गृहीत धरूनच ही सगळी टीका होते. प्रत्यक्षात फार थोडी चित्रे कोणी आपल्यासाठी निवडून घेत असे.

दिवाळीच्या किंवा नव्या वर्षाच्या सुमारास किराणा दुकानदार, सराफ, कापडवाला आणि खतांचा विक्रेता आपापल्या गिऱ्हाइकांना दिनदर्शिका वाटत. वर मोठे चित्र, त्याखाली दुकानाचे नाव, आणि तळाशी तारखांचे छोटे पुडके. वर्ष संपले की पुडके फाडून टाकायचे आणि चित्र आमच्याकडे चौकटीला यायचे, कारण देवाचे चित्र रद्दीत घालायला कोणी धजत नसे. रघुवीर मुळगावकर किंवा दीनानाथ दलाल यांच्यासारख्या चित्रकारांचे काम हजारो घरांत गेले ते असे फुकट, साखरेच्या आणि तुरीच्या डाळीच्या खरेदीबरोबर. ही दोन्ही माणसे मूळची गोव्याची आणि दोघांनीही दिवाळी अंकांची मुखपृष्ठे गाजवली. मुळगावकरांच्या चित्रातील ती धूसर कडांची, चांदण्यात न्हालेली त्वचा कोणाला फार गोड वाटेल. पण तिच्यामागचा हात कच्चा आहे असे कोणी म्हणू नये. कालनिर्णय १९७३ मध्ये निघाले, आणि पुढे घरातल्या मोक्याच्या खिळ्यावर चित्राऐवजी तिथी, वार आणि मागच्या पानावरचा मजकूर येऊन बसला. आमच्या धंद्याला तो बदल चांगलाच जाणवला.

सीनरी ही तर उघडउघड आहेराची वस्तू होती. लग्न, वास्तुशांत, बदली होऊन जाणारे साहेब, शाळेतून निवृत्त होणाऱ्या बाई, या सर्व प्रसंगी वर्गणी काढून देण्याजोगी, दिसायला मोठी, कोणाच्याही जातीधर्माला न खुपणारी अशी भेट म्हणजे धबधबा. देवाचे चित्र द्यावे तर त्यांचे कुलदैवत कोणते ते ठाऊक हवे. धबधब्याला कुलाचार नसतो. त्यामुळे आपल्या आजोळी स्वित्झर्लंड कसे आले हा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा आहे असे मला वाटत नाही. चौकटीच्या पाठीमागे पाहावे, बहुधा ‘सप्रेम भेट’ आणि कचेरीचे किंवा मित्रमंडळाचे नाव सापडेल. ते सापडल्यास हा कागद आपल्या कुटुंबाच्या इतिहासात लक्ष्मीपेक्षा जास्त बोलका ठरेल, कारण लक्ष्मीची प्रत दुसऱ्या कोणाकडेही असू शकते.

आता ओळखण्याविषयी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. शिळाछाप असेल तर ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, हाताने टाकलेले दिसतील. ऑफसेटवर छापलेली नक्कल असेल तर चार रंगांचे ठिपके सरळ रांगांत, एकमेकांत मिसळून फुलासारखी जाळी करून बसलेले दिसतील. हल्लीच्या शाईफवारा (इंकजेट) छपाईत ठिपके पुन्हा विस्कळीत असतात, म्हणून केवळ भिंगावर विसंबू नये. कागद, त्याची जाडी आणि मागचा पिवळेपणाही पाहावा. खालच्या पट्टीवर रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात, मात्र पुष्कळ चौकटकारांनी ती चौकटीत बसवताना कापून टाकली आहेत. आमच्या आजोबांच्या वेळी तीच रीत होती. मोठ्या प्रतींचा आकार साधारण २० बाय १४ इंच असे. जर आणि टिकल्या काढण्याचा मोह कृपया टाळावा. नव्या चौकटीत चित्र ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून गिऱ्हाईक तशी मागणी करते, आणि मग जरीबरोबर छपाईचा थरही निघून येतो.

निळी पहाट

या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे भिंतीवरचे छापील चित्र हा मुळात आवडीनिवडीचा किंवा आहेराचा विषय आहे. आमच्या वस्तीत तसे कधीच नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही हे वचन तोंडाने उच्चारल्यावर घरातील भिंतीचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे आला. माझ्या आजोबांनी लक्ष्मी, दत्त आणि खंडोबा यांच्या तसबिरी उतरवल्या. त्या रिकाम्या खिळ्यांवर पुढे बुद्ध, बाबासाहेब आणि रमाई आले. दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ पुस्तकांच्या शेजारीच ही चित्रे विकायला मांडलेली असतात, आणि माणसे ती गुंडाळी करून, गर्दीत चुरगळू नये म्हणून डोक्यावर धरून, गावापर्यंत नेतात.

ही चित्रे कलेच्या दृष्टीने कशी आहेत? अनेक अगदी भडक आहेत. बुद्धाच्या मस्तकामागचे प्रभामंडळ देवांच्या दिनदर्शिकांतील प्रभामंडळासारखेच आहे, बाबासाहेबांचा कोट कधीच न पाहिलेल्या निळ्या रंगाचा आहे, आणि रंगवण्याची पद्धत तर सरळसरळ त्याच बाजारातील आहे. ती खटकणाऱ्यांचे म्हणणे मला कळते. तरीही एका खोलीच्या घरात दारातून आत येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा दिसेल अशा ठिकाणी ते चित्र लावणे म्हणजे हे घर कोणाचे आहे ते सांगणे होते, आणि भाड्याची खोली शोधताना त्याच चित्राची काय किंमत मोजावी लागते हेही आमच्या पिढीने पाहिले आहे.

स्पष्टवक्ता म्हणतात की तसबिरीने देवाचा चेहरा एकसारखा केला. असेल. पण ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते त्यांनी पैसे देऊन तोच देव आपल्या झोपडीत आणला, तेव्हा कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, हेही त्या छपाईने केले. नंतर आम्ही तो उतरवला, तेव्हाही परवानगी घेतली नाही.

स्पष्टवक्ता

निळी पहाट यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो वजनदार आहे. माझा आक्षेप चित्रांच्या रूपाविषयी आहे आणि तो कायम ठेवतो. त्यांच्या उपयोगाविषयी मी काही बोललो नव्हतो.

वसईकर

आमच्याकडील ख्रिस्ती घरांत येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र असते, आणि ते धर्मगुरूंच्या हस्ते विधिपूर्वक बसवले जाते, म्हणून घर पाडून इमारत झाली तरी ते टाकले जात नाही. त्याचे मूळ रूप पोम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात रोममधील एका चर्चसाठी रंगवले, आणि वसईतील आमच्या बैठकीत असलेली प्रत ही त्याच्या नकलेच्या नकलेची नक्कल असावी. इतक्या हातांतून गेल्यावर चेहरा पुष्कळ बदलला आहे, तरी हात छातीकडे नेण्याची ती लकब टिकून आहे. स्पष्टवक्ता यांना एवढेच सुचवतो की छपाई नेहमीच सगळे सपाट करते असे नाही. सप्तशृंगीच्या पायथ्याशी मिळणाऱ्या चित्रात अठरा हात आणि किंचित कललेली मान असतेच, आणि माहूरच्या चित्रात रेणुकेचा केवळ मुखवटा असतो. तीर्थक्षेत्रीच्या स्वस्त चित्रांनी स्थानिक रूपे जपलीही आहेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंग मिळवून पाहिले. लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके अनियमित आहेत, कागद जाड आणि तपकिरी झालेला आहे, खालची पट्टी मात्र कापलेली आहे. रामपंचायतनाची पट्टी शाबूत आहे, पण ओल लागल्याने अक्षरे जुळत नाहीत. अधिक उजेडात पुन्हा प्रयत्न करीन. सीनरीच्या मागे खरोखरच मामांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या बढतीनिमित्त लिहिलेला मजकूर निघाला, आणि तो वाचल्यावर मामेभावाने ती स्वतःच्या खोलीसाठी मागून घेतली आहे. सात घोडे कोणालाच नको आहेत आणि त्याबद्दल मला वाईटही वाटत नाही.

अडचण एकच उरली आहे. राधाकृष्णाचे चित्र एका कोपऱ्यात काचेला चिकटले आहे. ते सोडवता येईल का? शिवाय सीनरी जवळजवळ पूर्ण निळी पडली आहे, तिचे काही होऊ शकेल का?

चौकटकार

काचेला चिकटलेले चित्र घरी सोडवू नये. पाणी, वाफ, सुरी यांपैकी काहीही वापरले तर शाई काचेवर राहील आणि कागद हातात येईल. कागदाचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे; तोपर्यंत काचेसकट, सपाट, काच खाली ठेवून कोरड्या जागी असू द्यावे. तज्ज्ञाचा खर्च परवडत नसेल तर तसेच लावावे, कोपऱ्यातील तो डाग आणखी वाढणार नाही एवढी काळजी घ्यावी.

सीनरीतील किरमिजी आणि पिवळा रंग उन्हाने उडाला आहे, निळा आणि काळा टिकला आहे. शिवकाशी धर्तीच्या स्वस्त ऑफसेट छपाईत हे नेहमी होते आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. तिला खिडकीसमोरच्या भिंतीवरून हलवावे. सर्वच चित्रांसाठी मागची जुनी फळी किंवा भुसकट पुठ्ठा काढून आम्लरहित पुठ्ठा घालून घ्या, काच आणि चित्र यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या किनारीची, फट ठेवा, आणि वाईच्या पावसाचा विचार करता बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर एकही चौकट लावू नका. चौकटीच्या मागे तळाशी दोन बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते आणि कसर कमी लागते. लॅमिनेशन मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका. मागचा ‘सप्रेम भेट’ मजकूर जुन्या पुठ्ठ्यावर असेल तर तेवढा भाग कापून नव्या पाठीवर पाकिटात ठेवता येतो. चौकटवाल्याला तसे आधीच सांगावे, नाहीतर तो रद्दीत जातो.